सिंड्रेला सगळं निमूट का ऐकते?

सावत्र आई आणि बहिणी इतकं छळतात, तरी सिंड्रेला एकदाही उलटून का बोलत नाही? फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या गोष्टीत याचं उत्तर एवढंच, की ती स्वभावाने फार चांगली आहे. गेल कार्सन लेविन या अमेरिकन लेखिकेला ते पटेना. १९९७ मध्ये आलेल्या ‘एला एन्चांटेड’ या कुमार कादंबरीत तिने आपल्या सिंड्रेलाला, म्हणजे एलाला, जन्मतःच एका परीकडून आज्ञाधारकपणाचं ‘वरदान’ देववलं. कुणीही हुकूम सोडला की एलाला तो पाळावाच लागतो. टाळू पाहिलं तर डोकं गरगरतं, मळमळतं. मग पोरगी पळवाटा शोधते. बदाम आण म्हटलं, की मोजून दोनच आणून ठेवते!

मला हा बदल विलक्षण वाटतो. बूट, घोडागाडी, राजपुत्र सगळं जागच्या जागी आहे. पण सोसणारी मुलगी आता लढणारी झाली आहे, आणि गोष्ट ती स्वतःच सांगते. १९९८ मध्ये या पुस्तकाला ‘न्यूबरी ऑनर’ हा बालसाहित्यातला अमेरिकन सन्मान मिळाला. शेवट मी फोडणार नाही. त्यावरचा २००४ चा चित्रपट मात्र बराच वेगळा आहे.

हे आवडलं तर पुढे अशाच, जुन्या परीकथा नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्या, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’वरची रॉबिन मॅकिन्लीची ‘ब्यूटी’ (१९७८) आणि ग्रिम बंधूंच्या कथेवरची शॅनन हेलची ‘द गूज गर्ल’ (२००३) आहेतच.

घरात इंग्रजी वाचणारं दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर आधी त्याला मूळ सिंड्रेला मराठीत रंगवून सांगा आणि मग एला हातात द्या.