राखणीसाठी कुत्रा कोणत्या जातीचा घ्यावा?

मेंढरांचा कळप, शेळ्यांचा गोठा, दारची घोडी आणि तिचं शिंगरू हेच ज्याचं धन, त्याला रात्री गाढ झोप लागत नाही. पुणे, सोलापूर, सातारा या भागांतल्या माळरानावर लांडग्याचं भय असतं, उसाच्या पट्ट्यात बिबट्याचं. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या शेळ्या फाडतात, ते वेगळंच. अशा वेळी माणूस म्हणतो, ‘एखादा जातिवंत कुत्रा आणू या.’ विचार चांगला आहे. पण पैसे मोजण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: कुत्रा हवा तो नेमका कोणत्या कामासाठी? कारण भलत्याच कामाचा कुत्रा दारी आला, तर लांडग्याने बाहेरून यायची गरजच उरत नाही. आपलाच कुत्रा कोकरू मारून मोकळा होतो.

जनावरांच्या संदर्भात कुत्र्यांची कामं मुख्यतः तीन. पहिलं काम शिकारीचं. आपल्याकडचा कारवानी किंवा पश्मी कुत्रा, ज्याला मुधोळ हाउंड असंही म्हणतात, तो या वर्गातला. लांब पाय, बारीक कंबर, तीक्ष्ण नजर आणि वाऱ्यासारखी धाव. दूरवर काही पळताना दिसलं की त्याच्यामागे सुटायचं, ही त्याची उपजत वृत्ती. घरावर तो उत्तम नजर ठेवील. पण पळणारं करडू आणि पळणारा ससा यांत त्याला मोठा भेद वाटेलच असं नाही.

दुसरं काम कळप हाकण्याचं. बॉर्डर कॉली हा त्यातला नामांकित. तो जमिनीलगत वाकून मेंढीवर नजर रोखतो आणि मेंढी त्या नजरेला भिऊन पुढे सरते. म्हणजे त्याचं सारं कौशल्य मेंढीच्या भीतीवर उभं आहे. मालक शेजारी असेपर्यंत हे ठीक. रात्री त्याला कळपात एकटा सोडणं शहाणपणाचं नाही. अल्सेशियनचा मूळ धंदाही मेंढरं वळण्याचाच होता. आज तो आणि डॉबरमन माणसाची नि मालमत्तेची राखण करतात. पण चोर अडवणं वेगळं आणि कळपात राहून लांडगा अडवणं वेगळं.

तिसरं काम राखणीचं, आणि आपल्याला हवा तो याच कामाचा कुत्रा. हा कळप हाकत नाही, शिकारीमागे लांब धावतही नाही. तो मेंढरांतच बसतो, त्यांच्याबरोबर चालतो आणि परकं जनावर दिसताच मध्ये उभा राहून भुंकतो. बहुतेक वेळा मारामारीची पाळी येत नाही. लांडगा हिशेबी प्राणी आहे. जखम झाली तर पुढची शिकार बुडते, हे तो जाणतो. समोर ठाम उभा राहिलेला कुत्रा पाहून तो वाट बदलतो.

अशा जाती जगात पुष्कळ आहेत. तुर्कस्तानचा कंगाल, इटलीचा मारेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पिरेनीज. आपल्या देशात जम्मू-काश्मीरमधल्या बकरवालांचा बकरवाल कुत्रा आणि हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांचा गद्दी कुत्रा. लांडगा नरडीला झोंबतो म्हणून तुर्कस्तानात आणि हिमालयात या कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात.

मग यांतलाच एक आणावा का? इथे घाई करू नका. पिरेनीज किंवा डोंगरातला केसाळ कुत्रा बर्फाच्या मुलखासाठी घडलेला. वैशाखातल्या सोलापूरच्या उन्हात तो सावली सोडणार नाही. आखूड केसांच्या जाती उष्णतेला अधिक टिकतात. आफ्रिकेतल्या नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या-मेंढ्या वाचाव्यात म्हणून १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की जातीचे अनातोलियन कुत्रे देण्यात आले, आणि तिथल्या कोरड्या, तापणाऱ्या माळावर त्यांनी चांगलं काम केलं. कळप वाचला आणि शेतकऱ्याच्या गोळीपासून चित्ताही वाचला. पण एवढ्या मोठ्या कुत्र्याला खाऊ काय घालायचं, याचाही हिशेब आधी मांडायला हवा.

म्हणून माझं सांगणं असं की, दूर पाहण्याआधी जवळ पाहा. आपल्या धनगर बांधवांच्या वाड्यावर जो कुत्रा असतो, त्याला कागदावर नाव नसेल, प्रदर्शनात बक्षीस नसेल. पण पिढ्यान्‌पिढ्या तो याच उन्हात, याच माळावर, याच मेंढरांत वाढलेला आहे. जो कुत्रा मेंढीला चावला त्याला वाड्यावर थारा मिळाला नाही. जो राखणीला टिकला त्याचीच पिल्लं वाढली. ही निवड कोणत्याही वंशावळीच्या दाखल्याइतकीच मोलाची. खाण तशी माती म्हणतात ना! तेव्हा पिल्लू पाहण्याआधी त्याचे आईबाप पाहा, तेही कामावर असताना. मेंढी जवळून गेली तर ते काय करतात? कोकरू अंगावर चढलं तर सोसतात का? रात्री कळपाजवळ राहतात, की गावात हिंडतात?

रे आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्याने १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात राखणीच्या कुत्र्यांचा अभ्यास सुरू केला. चांगल्या कुत्र्याचे तीन गुण त्यांनी सांगितले: कळपाजवळ राहणं, कळपाला इजा न करणं आणि संकटात आड येणं. यांत शौर्याचा क्रमांक शेवटचा आहे, हे ध्यानात घ्या.

जातीइतकंच महत्त्व संगोपनाला आहे, बरं का. पिल्लू साधारण सात-आठ आठवड्यांचं झालं की आईपासून न्यावं आणि थेट मेंढरांच्या वाडग्यातच, पण वेगळ्या कोपऱ्यात, जाळीआड ठेवावं. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाचं मन ओल्या मातीसारखं असतं. त्या काळात ज्यांच्या सहवासात राहील, त्यांना ते आपलं मानतं. हेच दिवस ओसरीवर मुलांशी खेळण्यात गेले, तर पुढे ते मुलांचीच राखण करील. मात्र माणसाचा हात त्याला मुळीच लागू द्यायचा नाही, असंही करू नका. औषधपाण्यासाठी ते हाती यायला हवं. पुढे सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत ते अंगाने दांडगं पण अकलेने पोरच असतं. खेळता खेळता कोकराचा कान ओढतं. तिथल्या तिथे दटवा. दीड-दोन वर्षं होईपर्यंत पूर्ण भरवसा टाकू नये. अनुभवी कुत्र्याच्या जोडीला नवं पिल्लू दिलं, तर निम्मं शिक्षण आपोआप होतं.

घोड्यांची गोष्ट थोडी निराळी. मेंढी कुत्र्याला भिते; घोडा भिऊन पळतो किंवा लाथ झाडतो. एका लाथेत पिल्लू संपतं. शिंगराजवळ परका कुत्रा आला तर घोडी स्वतःच चालून जाते. म्हणून पहिले काही आठवडे कुंपणाच्या आडूनच दोघांना एकमेकांचा वास घेऊ द्या. मग दोरीवर धरून, पागेतल्या सर्वांत शांत, जुन्या घोडीपासून ओळख सुरू करा. कुत्र्याची भाकरी आणि घोड्याचा चंदी-चारा कधीही शेजारी ठेवू नका. तंटे तिथेच होतात. खुरामागे धावणारा, टाचेला झोंबणारा कुत्रा पागेत नको, मग त्याची जात कितीही नामांकित असो. धनगरांच्या बिऱ्हाडात घोडी, मेंढरं आणि कुत्रा एकाच तळावर सुखाने राहतात, ते या लहानपणापासूनच्या सवयीमुळे.

आता बिबट्याविषयी स्पष्ट बोलायला हवं. बिबट्याला कुत्र्याचं भय नाही. कुत्रा हे त्याचं खाद्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. तेव्हा बिबट्याच्या मुलखात कुत्रा रात्री बाहेर साखळीला बांधू नका. ते आमिष ठरतं. जनावरं वरून झाकलेल्या, चारी बाजूंनी बंद गोठ्यात घ्या आणि कुत्राही आत घ्या. तिथे त्याचं काम लढण्याचं नाही, तुम्हाला जागं करण्याचं. लांडग्याच्या मुलखातही एकापेक्षा दोन कुत्रे बरे. आणि मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचा विचारही मनात आणू नका. लांडगा नि बिबट्या यांना १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे. शिवाय त्या विषाने पहिला बळी बहुधा आपल्याच कुत्र्याचा जातो. नुकसान झालं तर ताबडतोब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या.

शेवटी औषधाविषयी. तीन महिन्यांचं होताच पिल्लाला रेबीजची लस द्या आणि पुढे दरवर्षी चुकवू नका. जंताचं औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्या. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, तो रोग अनेकदा कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीमुळे होतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून मेंढीच्या पोटात, आणि पुढे मेंदूत गाठ. अशा मेंढीची मुंडी कच्ची कुत्र्याला टाकली की चक्र पुन्हा सुरू! ती मुंडी खोल पुरा किंवा जाळा.

तेव्हा कुत्रा निवडताना आधी काम पाहा, मग हवामान, मग आईबाप आणि सर्वांत शेवटी रूप. बाजारातल्या नावाला भुलून आणलेल्या महागड्या पिल्लापेक्षा, शेजारच्या वाड्यावर मेंढरांच्या उबेत जन्मलेलं साधं पिल्लू तुमच्या कळपाचं राखण अधिक इमानाने करील.