जुनी गाडी, गंज आणि डोंगराची वाट

पश्चिम बंगालच्या उत्तर टोकास, नेपाळच्या सीमेला लागून, मानेभंजांग नावाचे लहानसे गाव आहे. तेथून सुमारे 31 किलोमीटरची एक वाट सिंगालीला पर्वतरांगेवरून संदकफू या शिखरास जाते. शिखराची उंची 3,636 मीटर आहे. चढ उभा, वळणे आखूड आणि पुष्कळ वर्षे वाटेवर केवळ दगडगोटे अंथरलेले, अशी तिची स्थिती होती. या वाटेवर 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या लँड रोव्हर गाड्या एकविसाव्या शतकातही माणसे आणि माल वाहून नेत आल्या आहेत. ज्या वयात इतर गाड्या भंगाराच्या वजनाने विकल्या जातात, त्या वयात या गाड्या दऱ्यांच्या काठाने चढत राहिल्या, याचे श्रेय मूळ रचनेइतकेच स्थानिक कारागिरांच्या दुरुस्तीलाही दिले पाहिजे.

जुन्या गाडीस अवघड वाटेवर पुन्हा उभी करावयाची म्हणजे दोन कामे करावी लागतात. पहिले काम गंजाचा बंदोबस्त करणे व दुसरे काम वाटेच्या मानाने गाडीत फेरफार करणे. या दोहोंमागील शास्त्र काय आहे, ते या लेखात पाहावयाचे आहे.

गंज कसा चढतो

लोखंडास गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. यांपैकी एकाचा अभाव असेल तर गंज चढत नाही. ओलसर पृष्ठभागावर लोखंडाचे काही भाग धनाग्राचे कार्य करतात. तेथे लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूमधूनच शेजारच्या भागाकडे, म्हणजे ऋणाग्राकडे, वाहत जातात व तेथे पाणी आणि प्राणवायू यांच्याशी संयोग पावतात. सारांश, गंजणारा पत्रा म्हणजे एक लहानशी विजेची घटमालाच होय. पाण्यात मीठ मिसळले की ही वीज अधिक सुलभतेने वाहते. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावरील गाडी देशावरील गाडीपेक्षा लवकर गंजते.

तयार होणारा गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाचा थर आतून उचलतो, दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरून ते एकमेकांपासून दूर सारतो आणि स्पंजाप्रमाणे ओल धरून ठेवतो. एकदा सुरू झालेला गंज आपला मार्ग आपणच सुकर करीत जातो, तो असा.

प्रत्येक लोखंडाचे असेच होते असे मात्र नाही. दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसाचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त असा घट्ट, पातळ थर बनला व त्याने आतील धातूचे रक्षण केले, असे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील रा. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून दाखविले. गाड्यांच्या पोलादास हे भाग्य लाभत नाही.

धातूंच्या क्षरणाने राष्ट्राच्या संपत्तीचा सतत नाश होत असतो. तमिळनाडूतील कारैकुडी येथे 1953 साली उद्‌घाटन झालेल्या केंद्रीय विद्युत्‌रासायनिक संशोधन संस्थेत या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास चालू आहे.

अॅल्युमिनियमचा देह, पोलादाचा कणा

लँड रोव्हरची रचना या दृष्टीने मोठी उद्‌बोधक आहे. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्या कल्पनेतून ही गाडी साकार झाली व एप्रिल 1948 मध्ये अॅमस्टरडॅम येथील प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. त्यामुळे गाडीचा बाह्य देह अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करण्यात आला. तिचा कणा, म्हणजे चासी, मात्र पोलादाच्या सपाट पट्ट्या वेल्डिंगने जोडून बनविलेल्या पोकळ चौकोनी नळ्यांची होती.

याचा परिणाम असा की गाडीचा देह वर्षानुवर्षे टवटवीत दिसतो आणि कणा आतून पोखरत जातो. पोकळ नळीत चिखल व पाणी शिरते आणि वारा न लागल्याने तेथे ओल टिकून राहते. शिवाय जेथे अॅल्युमिनियम व पोलाद एकमेकांस टेकतात, तेथे ओल असल्यास अॅल्युमिनियम धनाग्र बनून झिजते व त्याची पांढरी भुकटी दिसू लागते. म्हणून अशा सांध्यांत रबराचे, प्लॅस्टिकचे किंवा रंगाचे विसंवाहक अस्तर ठेवणे आवश्यक असते.

गंजाची परीक्षा आणि उपचार

दुरुस्तीपूर्वी परीक्षा करावी लागते. अनुभवी कारागीर चासीवर लहान हातोडीने टिचक्या मारीत जातो. निकोप पोलाद खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. संशयित जागी टोच्या दाबून पाहतात. पाटे जेथे चासीला टांगलेले असतात त्या जागा, सुकाणूची पेटी जेथे बसते ती जागा आणि इंधनटाकीच्या मागील आडवा दांडा यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दरवाज्याला पडलेले भोक कुरूप दिसते, परंतु पाट्याचा आधार तुटला तर उतारावर गाडी हाताबाहेर जाते. कोणता गंज केवळ डोळ्यांना खुपणारा आणि कोणता प्राणघातक, हे ओळखणे हेच या कामातील खरे ज्ञान होय.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने किंवा वाळूच्या फवाऱ्याने घासून काढतात. खळग्यांत राहिलेल्या पातळ गंजावर फॉस्फरिक आम्लयुक्त द्रव लावल्यास त्याचे लोहफॉस्फेटात रूपांतर होते व रंगास धरण्यायोग्य पृष्ठ मिळते. मात्र ज्या ठिकाणी पत्र्याची जाडीच उरलेली नाही, तेथे कोणत्याही द्रवाचा उपयोग नाही. पुटी भरून वर रंग फासणे ही तर शुद्ध फसवणूक होय.

अशा ठिकाणी निकोप धातू लागेपर्यंत पत्रा कापून टाकावा लागतो आणि तितक्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा लागतो. चासीच्या दांड्याला सरळ उभा जोड दिल्यास सारा ताण एका रेषेत साठतो व तेथेच तडा जातो. म्हणून बाहेरून लावावयाची पट्टी समभुज चौकोनासारखी, टोकांकडे निमुळती कापतात. त्यायोगे ताण हळूहळू विभागला जातो. एकसंध लांब वेल्डिंग केल्यास उष्णतेने दांडा वाकतो, यास्तव जागा बदलीत थोडे थोडे टाके घालणे इष्ट. काम आरंभण्यापूर्वी बॅटरी सोडविणे व इंधनटाकी उतरवून दूर ठेवणे अनिवार्य आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचे वेल्डिंग करताना निघणारा धूर अपायकारक असल्याने तो मुलामा आधी घासून काढावा लागतो.

त्यानंतर संरक्षक लेप. पूर्वी यासाठी शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, तेलात खलून लावीत. शिसे विषारी असल्याने आता जस्तयुक्त रंग अधिक योग्य मानला जातो. जस्त लोखंडापेक्षा सहज झिजते व स्वतः धनाग्र बनून लोखंडाचे रक्षण करते. हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली जहाजांच्या तळाचे तांबे वाचविण्यासाठी जस्त व लोखंड वापरून पाहिले होते, तेच हे तत्त्व होय. हा रंग स्वच्छ, उघड्या पोलादावरच लावावा, कारण जस्ताचा लोखंडाशी प्रत्यक्ष विद्युत्‌संबंध आला नाही तर त्याचा हा गुण वाया जातो. शेवटी पोकळ नळीत पातळ मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारतात आणि तळाची पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी करतात.

वाटेसाठी फेरफार

कणा बळकट झाल्यावरच फेरफारांचा विचार करावा. चारही चाकांना शक्ती पोहोचविणे आणि मंद वेगाचे अधिक बळ देणारे दुय्यम गिअर ही या गाडीची मूळची संपत्ती होय. परंतु तिच्या आरंभीच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती सुमारे 50 अश्वशक्ती एवढीच होती. संदकफूच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के असते, म्हणजे तेथे त्या इंजिनाकडून 35 अश्वशक्तीच्या आसपासच अपेक्षा करता येते. मूळ सुटे भागही दुर्मिळ झाले. त्यामुळे तेथील कारागिरांनी कित्येक गाड्यांत महिंद्रा कंपनीची डिझेल इंजिने बसविली. डिझेल इंजिन मंद फेऱ्यांवरही चांगला पीळ देते व दगडांतून सावकाश चढताना त्याचाच उपयोग होतो.

प्रत्येक लाभाची किंमत मात्र मोजावी लागते. जड इंजिनाने पुढील पाट्यांवर व ब्रेकवर भार वाढतो. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर जमिनीपासून उंची मिळते, पण चाकाचे ओढण्याचे बळ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. गाडी उंच केल्यास ती दगड ओलांडते, परंतु कलंडण्याचा धोका वाढतो. समजा, दोन चाकांमधील अंतर 1.27 मीटर असून गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटर उंचीवर आहे. गणिताने ही गाडी सुमारे 40 अंशांच्या बाजूच्या कलावर उलटेल. गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर नेला की तीच मर्यादा 37 अंशांच्या खाली येते. प्रत्यक्षात पाटे व टायर दबत असल्यामुळे ती याहूनही कमी असते. याउलट चिखलात टायरमधील हवा थोडी कमी केल्यास टायर रुंद टेकतो व रुतत नाही. या उपायास खर्च काहीच नाही. फक्त पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते.

आपल्या देशात 1988 च्या मोटार वाहन अधिनियमातील 52 व्या कलमाने निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घातले आहे. इंजिन बदलण्यासारख्या फेरफारांपूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची अनुमती घेणे आवश्यक असते. एका गाडीतील चूक तिच्यातील प्रवाशांना आणि वाटेवरील इतरांनाही भोवते, हे ध्यानात घेता हा निर्बंध रास्त वाटतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

चार परीक्षानळ्यांत एकेक स्वच्छ खिळा ठेवावा. पहिलीत नळाचे साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी आणि तिसरीत उकळून लगेच तेलाच्या थराने झाकलेले पाणी घ्यावे. चौथीत पुन्हा मिठाचे पाणी घेऊन खिळ्याला जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळावी. आठ दिवस रोज निरीक्षण करून काय दिसते ते वहीत नोंदवावे. कोणता खिळा प्रथम गंजला, कोणता टिकला आणि का, याचा विचार केल्यास संदकफूच्या कारागिराला चासीपाशी जे प्रश्न पडतात, तेच प्रश्न आपल्यापुढे उभे राहतील व त्यांची उत्तरेही त्या नळ्यांतच मिळतील.