हिवताप, साचलेले पाणी आणि केज तालुका

ज्या भागात प्यावयास पाणी पुरत नाही, त्या भागात डास कोठून येणार, असा प्रश्न केज तालुक्यात हिवतापाविषयी बोलू लागले की हमखास विचारला जातो. प्रश्न वरवर पाहता रास्त आहे. बालाघाटाच्या पठारावर आणि मांजरेच्या खोऱ्यात पसरलेला हा तालुका पर्जन्यछायेत मोडतो. याच तालुक्यातील धनेगाव येथे मांजरा नदीवर मोठे धरण आहे, आणि सन २०१६ च्या उन्हाळ्यात तेच धरण कोरडे पडल्यामुळे लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु डासाला नदी लागत नाही, तलावही लागत नाही. ओंजळभर पाणी आठ-दहा दिवस न हलता राहिले म्हणजे त्याचे काम होते. टंचाईच्या गावात तर पाणी साठवून ठेवण्याची सवय घराघरांत असते. म्हणूनच दुष्काळी भागाला हिवतापाचे भय नाही, ही समजूत प्रथम दूर करणे अगत्याचे आहे.

हिवतापाचा आणि डासाचा संबंध ज्या भूमीत सिद्ध झाला, ती या जिल्ह्याला परकी नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलिस जातीच्या डासाच्या जठरात हिवतापाच्या परजीवी जंतूंची वाढ प्रथमच दिसली. हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चावून घेतले होते, आणि प्रत्येक डासामागे त्यास एक आणा मिळाला, असे सांगतात. सिकंदराबाद त्या वेळी निजामाच्या मुलुखात होते आणि बीड जिल्हाही त्याच संस्थानाचा भाग होता. दूषित हवेमुळे ताप येतो हा शेकडो वर्षांचा समज त्या दिवशी मोडीत निघाला. खेड्यापाड्यांतून मात्र तो अजून पुरता गेलेला नाही.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे आठ लाख लोक त्याला बळी पडत असत, असा अंदाज आहे. सन १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर करण्यात आले. घरोघरी डी.डी.टी. फवारण्यात आली आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या अवघ्या एक लाखाच्या आसपास आली. लढाई जिंकली असे वाटून यंत्रणा सैल पडली, डासही औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये हाच आकडा ६४ लाखांवर गेला. शासकीय यंत्रणेतील प्रत्येकाने हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज देशातील नोंदलेले रुग्ण पुन्हा लाख-दोन लाखांच्या घरात आले असून २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्हा आणि बृहन्मुंबई येथे या रोगाचा भार विशेष आहे. त्या मानाने मराठवाड्यात तो कमी आढळतो. रुग्ण कमी झाल्यानंतर येणारी हीच ढिलाई १९६५ नंतर देशाला भोवली होती.

स्वच्छता मोहिमांच्या संदर्भात एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. गाव झाडून काढले, उकिरडे उचलले, गटारे वाहती केली, की हिवताप गेला असे मानले जाते. ही कामे आवश्यकच आहेत. पण घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारात वाढतो तो बहुतांशी क्युलेक्स जातीचा डास. तो हत्तीरोगाचा प्रसार करतो. हिवताप पसरविणारी ॲनॉफिलिसची मादी त्या मानाने स्वच्छ पाण्यात अंडी घालते. पावसाने भरलेली डबकी, नदीचा प्रवाह आटल्यावर पात्रात उरलेले डोह, कालव्याच्या पाझराने साचलेले पाणी, वापरात नसलेल्या विहिरी आणि उघडी हौद-टाकी ही तिची आवडीची ठिकाणे होत. डेंग्यूचा एडिस डासही रांजणातल्या निवळशंख पाण्यात वाढतो. तेव्हा झाडून लख्ख केलेल्या अंगणातील नितळ पाण्याने भरलेला हौद हाच घरातील खरा धोका असू शकतो. आरोग्य कर्मचारी रांजण उपडा करण्यास सांगतात, तेव्हा 'आमचे पाणी स्वच्छ आहे' असे गृहिणी रागाने म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते, आणि कर्मचाऱ्याचेही नसते.

डासाच्या अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास व्हावयास आपल्याकडील उष्ण हवेत साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा या सूचनेमागे हेच गणित आहे. त्या दिवशी सर्व भांडी, हौद, टाक्या रिकाम्या करून आतून घासून पुसावयाच्या आणि पुन्हा भरून झाकावयाच्या. घासणे महत्त्वाचे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात. आता ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तेथे भरलेला हौद ओतून टाका असे सांगणे म्हणजे लोकांची चेष्टा करण्यासारखे आहे. अशा ठिकाणी पाणी येण्याच्या आदल्या दिवशीच कोरडा दिवस ठेवावा. मधल्या काळात साठ्यावर घट्ट झाकण किंवा जुन्या धोतराचे दुपदरी फडके ताणून बांधावे. ग्रामपंचायतीने पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरविताना हा विचार केल्यास खर्च काहीच येत नाही. डास एक-दोन किलोमीटरही उडत जातो. म्हणून एका आळीने कोरडा दिवस पाळला आणि दुसरीने पाळला नाही तर उपयोग थोडाच होतो.

सांडपाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातच एक चांगले उदाहरण आहे. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने उघड्या गटारांचा नाद सोडून घरोघर शोषखड्डे घेतले. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, असे त्याचे साधे स्वरूप आहे. घरचे सांडपाणी त्यात जिरते, रस्त्यावर येत नाही. पुढे जिल्हा परिषदेने हे काम रोजगार हमी योजनेतून इतर गावांत नेले. केजच्या वाड्यावस्त्यांवर हे सहज करता येण्याजोगे आहे. मात्र काळ्या चिबड जमिनीत पाणी सावकाश मुरते, हे खड्डा घेताना ध्यानात ठेवावे.

बुजविता येत नाहीत अशा डबक्यांवर जळके तेल टाकल्यास अळ्यांना पृष्ठभागावर श्वास घेता येत नाही. न उपसल्या जाणाऱ्या विहिरींत व हौदांत गप्पी मासे सोडावेत. शाळेच्या आवारातील एखाद्या हौदात ते वाढवून विद्यार्थ्यांकरवी गावभर वाटता येतात. अळ्या मटकावणारा मासा मुले पाहतात, तेव्हा धड्यापेक्षा ते अधिक लक्षात राहते. नदी व नैसर्गिक तळ्यांत मात्र ते सोडू नयेत, तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. फवारणी होते त्या गावात घराबरोबर गोठाही फवारून घ्यावा. ग्रामीण भागातील हिवतापाचा डास जनावरांचे रक्तही पितो आणि गोठ्यातच विसावतो. फवारणीनंतर भिंती दोन-अडीच महिने सारवू वा रंगवू नयेत. सणासुदीच्या तोंडावर फवारणी आली की हा नियम हटकून मोडला जातो. तारखा ठरविताना पंचांग पाहिलेले बरे.

या तालुक्याचा सर्वांत नाजूक प्रश्न निराळाच आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाचटाच्या कोपीला दार नसते, जवळच कालवा किंवा पाटाचे पाणी असते, आणि उघड्यावर निजणाऱ्यांना मच्छरदाणी कोठली? व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात व काही महिन्यांनी ताप पुन्हा उलटतो. फडावर झालेली लागण अशा रीतीने गावी आल्यावर प्रकट होते, आणि नेमका त्यानंतर पावसाळा लागून डासांची पैदास सुरू होते. रक्ततपासणीत हा प्रकार आढळल्यास क्लोरोक्विनच्या तीन दिवसांबरोबरच प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले यांना त्या देत नाहीत, म्हणून वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्या घेऊ नयेत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की मजूर कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या पिशवीत तशाच राहतात. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

यावर उपाय गावातच करावा लागेल. परतणाऱ्या टोळ्यांची यादी ग्रामपंचायतीकडे व मुलांची नोंद शिक्षकांकडे असतेच. ती प्राथमिक आरोग्य केंद्रास एप्रिल-मे महिन्यांतच दिल्यास आशा कार्यकर्तीला त्या घरांतील तापाच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त जून उजाडण्यापूर्वी तपासता येईल आणि चौदा दिवसांच्या गोळ्या समक्ष देता येतील. जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. केजपुरते बोलावयाचे, तर त्याची तयारी शेवटची बैलगाडी गावात शिरते त्या आठवड्यापासूनच सुरू व्हावयास हवी.