बसविलेली स्मृती आणि ओळखलेली स्मृती

घरात धान्य किती आहे, हे कोठीत डोकावले की कळते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मोठ्या देवस्थानाच्या किंवा मठाच्या कारभारात या प्रश्नाचे उत्तर कोठीत नसते. ते कारभाऱ्याच्या वहीत असते. ज्या पोत्याची वहीत नोंद नाही, ते कोठीत असूनही पंगतीच्या कामी येत नाही. संगणकाच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. एखाद्या शाळेत चार-सहा जुने संगणक असतात. ते मंद चालतात म्हणून वर्गणी काढून त्यांत नव्या स्मृतिपट्ट्या बसविल्या जातात. आणि यंत्र सुरू करून पाहावे, तर पडद्यावरचा आकडा अपेक्षेपेक्षा कितीतरी लहान दिसतो. दुकानदाराने फसविले असावे किंवा पट्टीच सदोष असावी, अशा शंका येऊ लागतात. पुष्कळदा या दोन्ही शंका निराधार असतात. पट्टी जागेवर असते, निर्दोषही असते. यंत्राच्या कारभाऱ्याला मात्र तिचा पत्ता नसतो.

‘पत्ता’ हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावयाचा आहे. संगणकाची स्मृती, जिला व्यवहारात रॅम किंवा मेमरी म्हणतात, ती म्हणजे लहान लहान खणांची एक प्रचंड लांब रांग होय. प्रत्येक खणाला क्रमांक असतो. हा क्रमांक उच्चारल्याखेरीज प्रोसेसरला त्या खणात काही ठेवता येत नाही की तेथून काही काढता येत नाही. आता किती क्रमांक उच्चारता येतील, हे क्रमांक लिहिण्यासाठी किती घरे राखून ठेविली आहेत यावर अवलंबून असते. संगणक एक आणि शून्य या दोनच अंकांत लिहितो. म्हणून एक घर वाढले की क्रमांकांची संख्या दुप्पट होते.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्याच्या प्रोसेसरला पत्त्यासाठी वीस घरे होती. वीस घरांत १०,४८,५७६ क्रमांक मावतात. म्हणजे एक मेगाबाइट. त्यांपैकी ६४० किलोबाइट कार्यक्रमांच्या वाट्याला आले आणि उरलेले पत्ते पडदा व इतर उपकरणे यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले. १९८५ साली इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर आला, तेव्हा घरांची संख्या बत्तीस झाली आणि पत्ते ४,२९,४९,६७,२९६ झाले. म्हणजे चार गिगाबाइट. टेबलावरच्या संगणकात थोडेसे मेगाबाइटच स्मृती असे, अशा त्या काळात हा आकडा जवळजवळ अमर्याद वाटला असल्यास नवल नाही. पुढच्या वीस वर्षांत स्मृती स्वस्त होत गेली आणि ही अमर्याद वाटणारी सीमा सामान्य माणसाच्या घरापर्यंत येऊन पोहोचली.

या खणांची वाटणी करणारा जो कारभारी, त्याचे नाव कर्नल. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या कार्यक्रमाला किती स्मृती द्यावयाची, काम संपल्यावर ती परत कशी घ्यावयाची, हा सर्व व्यवहार तो पाहतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स या कर्नलचे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे. कारण त्याची घडण सर्वांना पाहावयास खुली आहे आणि ती आपल्या यंत्राप्रमाणे बदलून घेण्याची मुभाही आहे.

यंत्र सुरू होताच कर्नलला प्रथम विचारावे लागते की, येथे स्मृती आहे तरी किती? हा प्रश्न तो बायॉस नावाच्या, यंत्रातच कोरलेल्या प्रारंभिक कार्यक्रमाला विचारतो. जुन्या पद्धतीत या प्रश्नाचे उत्तर सोळा घरांच्या एका आकड्यात मिळत असे. तो आकडा किलोबाइटांत असे आणि सोळा घरांत ६५,५३५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. परिणामी यंत्रात १२८ मेगाबाइट असले, तरी उत्तर सुमारे ६४ मेगाबाइटांवर येऊन थांबे. सांगणारा खोटे बोलत नव्हता. त्याच्या पाटीवर मोठा आकडा लिहावयास जागाच नव्हती. १९९० नंतरच्या दशकात लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांना या अडचणीला तोंड द्यावे लागले. त्यावरचा उपाय एका ओळीचा होता. कर्नल सुरू करतेवेळी त्याला ‘मेम’ या आज्ञेपुढे खरा आकडा लिहून द्यावयाचा, म्हणजे तो बायॉसच्या उत्तरावर विसंबून राहत नसे.

मात्र या सोयीत एक धोका दडलेला होता. प्रत्यक्षात असलेल्या स्मृतीपेक्षा मोठा आकडा लिहिला, तर कर्नल त्यावरही तितकाच विश्वास ठेवी आणि नसलेल्या खणांत माहिती ठेवू पाही. मग यंत्र अकस्मात बंद पडे. स्मृतीचा अगदी वरचा थोडा भाग बायॉसने स्वतःसाठी राखलेला असल्यास तोही वजा करूनच आकडा लिहावा लागे. पुढे ‘ई-८२०’ या नावाने ओळखली जाणारी अधिक चांगली पद्धत रूढ झाली. तीत एकच बेरीज न सांगता बायॉस संपूर्ण यादी देतो: अमुक क्रमांकापासून अमुक लांबीचा पट्टा वापरण्याजोगा, त्यापुढचा राखीव, त्यापुढचा पुन्हा वापरण्याजोगा. तलाठ्याच्या दप्तरात जसे गावाचे क्षेत्रफळ सांगून भागत नाही, गटवार नोंद लागते, तसेच हे आहे.

नोंद झाली तरी काम संपले, असे मात्र होत नाही. स्मृती आहे हे माहीत असणे निराळे आणि तिच्यापर्यंत हात पोहोचणे निराळे. बत्तीस घरांच्या लिनक्समध्ये चार गिगाबाइट पत्त्यांची एक ठरावीक वाटणी असे: तीन गिगाबाइट चालू कार्यक्रमाला आणि एक गिगाबाइट कर्नलला. आपल्या वाट्यातील ८९६ मेगाबाइट पत्ते कर्नल प्रत्यक्ष स्मृतीशी कायमचे जोडून टाकी आणि उरलेले १२८ मेगाबाइट तात्पुरत्या जोडण्यांसाठी हाताशी ठेवी. याचा अर्थ असा की, यंत्रात पुरता एक गिगाबाइट असला, तरी साध्या घडणीचा कर्नल ८९६ मेगाबाइटच वापरी. बाकीची स्मृती यादीत असे, परंतु उंच फळीवरच्या डब्याप्रमाणे हाताबाहेर राही. या वरच्या भागाला ‘उच्च स्मृती’ असे नाव पडले. तिचा उपयोग करण्याची सोय लिनक्समध्ये जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तीपासून मिळाली. कर्नलला त्या भागात काम असेल, तेव्हा तो राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एक त्या पानाशी जोडतो, काम उरकतो आणि जोड सोडून देतो. फळीला शिडी लावावी, डबा काढावा आणि शिडी पुढे सरकवावी, तसे.

ही सोय कर्नलच्या घडणीतच निवडावी लागे. घडणीच्या यादीत प्रोसेसरचा प्रकार व वैशिष्ट्ये या भागात उच्च स्मृतीविषयी तीन पर्याय असत: मुळीच नको, चार गिगाबाइटपर्यंत आणि चौसष्ट गिगाबाइटपर्यंत. यंत्रातील स्मृती पाहून पर्याय निवडावयाचा, कर्नल नव्याने बांधावयाचा, जुना कर्नल मात्र पुसावयाचा नाही. नवा सुरू न झाल्यास यंत्रात पुन्हा प्रवेश करण्याचा तोच सोपा मार्ग असतो. नंतर ‘फ्री’ ही आज्ञा देऊन, कर्नल आता किती स्मृती मोजतो हे ताडून पाहावयाचे.

येथे आणखी एक कोडे उभे राहते. चार गिगाबाइट बसविले आणि चार गिगाबाइटचा पर्यायही निवडला, तरी पडद्यावर सव्वातीनच दिसतात. याचे कारण असे की, पत्ते केवळ स्मृतीलाच लागत नाहीत. पडद्याचे कार्ड, जाळ्याशी जोडणारे कार्ड अशा उपकरणांशीही प्रोसेसर पत्त्यांच्या द्वारेच बोलतो आणि हे पत्ते चार गिगाबाइटांच्या अगदी वरच्या टोकाला राखलेले असतात. तेवढ्या क्रमांकांची स्मृती त्यांच्याखाली झाकली जाते. अनेक यंत्रांत ही झाकलेली स्मृती उचलून चार गिगाबाइटांच्या पलीकडे नवे क्रमांक देण्याची व्यवस्था असते. परंतु पलीकडचे क्रमांक वाचावयाचे, तर बत्तीस घरे पुरत नाहीत. १९९५ सालच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरात इंटेलने प्रत्यक्ष स्मृतीच्या पत्त्यासाठी छत्तीस घरांची सोय केली. तिला पीएई म्हणतात. छत्तीस घरांत चौसष्ट गिगाबाइट मावतात आणि तिसरा पर्याय याच सोयीवर उभा असतो. ज्या जुन्या प्रोसेसरात ही सोय नाही, तेथे असा कर्नल सुरूच होत नाही. म्हणून तो निवडण्यापूर्वी प्रोसेसरची ओळख करून घेणे अगत्याचे असते.

मग सरसकट सर्वांत मोठाच पर्याय का निवडू नये? कारण प्रत्येक नोंदीला स्वतःची किंमत असते. कर्नल स्मृतीची विभागणी चार-चार किलोबाइटांच्या पानांत करतो आणि प्रत्येक पानासाठी सुमारे ३२ बाइटांची नोंद ठेवतो. चौसष्ट गिगाबाइटांची पाने होतात १,६७,७७,२१६. त्यांच्या नोंदींनाच ५१२ मेगाबाइट लागतात, आणि या नोंदी ठेवावयाच्या कोठे, तर कर्नलच्या कायम आवाक्यातील त्याच ८९६ मेगाबाइटांत. वहीनेच निम्म्याहून अधिक कोठी व्यापली, तर कारभाऱ्याने इतर व्यवहार कोठे करावा? शिवाय पीएई स्वीकारली की पत्त्यांच्या तक्त्यातील प्रत्येक नोंद चार बाइटांऐवजी आठ बाइटांची होते. कागदावर ज्याची सीमा चौसष्ट आहे, ते यंत्र त्याच्या पुष्कळ अलीकडेच धापा टाकू लागते, ते यामुळे. आणि इतके करूनही एकेका कार्यक्रमाच्या पत्त्याची घरे बत्तीसच राहतात. चार गिगाबाइटांची त्याची मर्यादा तशीच असते.

या साऱ्या आटापिट्यातून मोकळी वाट काढली ती चौसष्ट घरांच्या प्रोसेसरांनी. एएमडी कंपनीचा या घडणीचा ऑप्टेरॉन २००३ साली बाजारात आला. या घडणीत प्रारंभी अठ्ठेचाळीस घरे वापरण्यात आली, तरी तेवढ्यानेही २५६ टेराबाइट पत्ते मिळाले. कर्नलला साऱ्या स्मृतीशी एकदाच कायमची जोड ठेवता येऊ लागली आणि शिडीची गरज उरली नाही. तरीही आठ गिगाबाइटांच्या आजच्या यंत्रात पूर्ण आठ दिसत नाहीत. काही भाग पडद्याच्या चित्रासाठी, काही प्रारंभिक कार्यक्रमासाठी आणि काही खुद्द कर्नलसाठी खर्ची पडतो. ही हानी नव्हे, तो कारभाराचा खर्च होय.

म्हणून शाळेतल्या त्या संगणकाकडे पुन्हा वळावे. त्याची स्मृती ओळखली जात नाही, तोवर कर्नल हातातले काम पुनःपुन्हा चकतीवर उतरवून ठेवतो आणि पुन्हा वर आणतो. चकती स्मृतीच्या मानाने फार मंद असते, आणि मुले पडद्याकडे पाहत बसतात. अशा वेळी यंत्र निकामी ठरवून भंगारात घालण्यापूर्वी चौकशी क्रमाने करावी. पट्टी खाचेत नीट बसली आहे काय? बायॉसच्या पडद्यावर ती मोजली जाते काय? मोजली जात असल्यास कर्नल किती मोजतो? आणि दोन आकड्यांत अंतर असल्यास ते पत्त्यांच्या घरांमुळे, कर्नलच्या घडणीमुळे की उपकरणांच्या राखीव भागामुळे? या प्रश्नांच्या उत्तरांत बहुधा दोष सापडतो, आणि तो दूर करण्यास पुष्कळदा नवा पैसा लागत नाही. वर्गणी देऊन आणलेले धान्य कोठीत पडलेलेच असते. ते वहीत मांडावयाचे तेवढे राहिलेले असते.