घड्याळाचा लंबक आणि विद्युच्चुंबक

भिंतीवरील घड्याळाची गति त्याच्या लंबकावर अवलंबून असते. त्या लंबकास विजेच्या साहाय्यानें शिस्त कशी लावितां येते, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

सेकंदास एक झोका घेणाऱ्या लंबकाची लांबी सुमारें ९९.४ सेंटिमीटर असते. उष्णतेनें दांडी लांबली कीं लंबक मंदावतो. पितळेच्या दांडीचें उष्णमान १० अंश सेंटिग्रेड वाढल्यास घड्याळ दिवसास सुमारें ८ सेकंद मागें पडतें. घरीं याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु समुद्रावरचा हिशेब निराळा. पृथ्वी ४ सेकंदांत रेखांशाची १ कला फिरते. म्हणून केवळ घड्याळावरून रेखांश काढणाऱ्या नाविकाची ८ सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तापाशीं त्याचें जहाज कल्पिलेल्या जागेपासून २ सागरी मैल दूर असावयाचें! आपल्या कोंकणासारख्या खडकाळ किनाऱ्याजवळ एवढें अंतर जहाजाच्या नाशास पुरेसें आहे. याकरितांच १८२६ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेकडे नौकानयनास लागणारी अचूक वेळ राखण्याचें काम होतें.

आतां मुख्य युक्ति पाहूं. तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडली म्हणजे तें चुंबकाप्रमाणें वागतें. प्रवाह थांबला कीं तो गुण नाहींसा होतो. लंबकाच्या खालच्या टोकास कायमचा चुंबक बसवून त्याच्या बरोबर खालीं असें वेटोळें ठेवावें. वेटोळें चुंबकास ओढूं लागलें म्हणजे गुरुत्वाकर्षणास जोड मिळून लंबक जलद हालतो. प्रवाहाची दिशा उलट केली कीं तें चुंबकास दूर लोटतें व लंबक मंद होतो. ग्रिनिचच्या वेधशाळेंत १८५२ सालीं बसविलेलें मुख्य घड्याळ याच रीतीनें, कांट्यांस हात न लावितां, दुरुस्त करीत असत.

१८५७ सालीं इंग्लंडांतील चेस्टर येथील जोन्स यांनीं दुसरी रीत काढिली. तींत मुख्य घड्याळ ठराविक अंतरानें विजेचे हिसके दूरच्या घड्याळांकडे धाडतें. जो लंबक लवकर येतो त्यास हिसका मागें खेंचतो, जो उशिरा येतो त्यास पुढें ओढतो. अशा रीतीनें सर्वांचीं पावलें जुळतात.

विजेचा हाच गुण अन्यत्र अडचणीचाही ठरला. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हां कुलाब्याच्या नाजूक चुंबकसूच्या बिघडूं नयेत म्हणून चुंबकीय निरीक्षणाचें काम १९०४ पासून अलिबागेस सुरू करण्यांत आलें.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करावा. दोऱ्यास लोखंडाची लहान गोळी टांगून तिचे ५० झोके किती वेळांत होतात तें मोजावें. नंतर गोळीखालीं, ती चिकटणार नाहीं इतक्या अंतरावर, चुंबक ठेवून पुन्हां मोजावें. दोन आंकड्यांतील फरक हाच या लेखाचा पुरावा होय.