घरातले बिटकॉइन यंत्र: वेग पाहावा की वीज?

मे महिन्यात खामगाव-मलकापुरात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा वेळी घरातले बिटकॉइन यंत्र म्हणजे अखंड पेटलेली शेगडी. ते घेते ती सारी वीज अखेर उष्णताच होते.

आकडी कुलपावर एकेक आकडा लावून पाहावा, तसे हे यंत्र बिटकॉइन मिळवण्यासाठी अंदाज तपासते. जुने ‘अँटमायनर एस९’ सेकंदाला सुमारे १३.५ लाख कोटी अंदाज तपासते आणि तासाला सुमारे १.३ युनिट वीज घेते. ‘एस२१’ २०० लाख कोटी तपासते, ३.५ युनिट घेते. म्हणजे तेवढ्याच विजेत साडेपाच पट काम. तरी दिवसाला ८४ युनिट लागतात.

म्हणून नुसता वेग पाहू नये. युनिटमागे होणारे काम, वीजबिल आणि खोलीतली उष्णता हीच तुलनेची खरी मापे.