एका फुप्फुसावरचा श्वास

कुमार गंधर्वांना १९४७ साली क्षयाने गाठले. ते माळव्यात देवासला राहावयास आले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले, आणि तरीही काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, हे आम्हां मध्यप्रदेशातील मराठी मंडळींना कौतुकाने ठाऊक आहे. परंतु भूल दिलेल्या माणसास काही तास एकाच फुप्फुसावर जगविणे ही गोष्ट निराळी. आमच्या बऱ्हाणपुरातील एका पावरलूम कामगाराच्या उजव्या फुप्फुसातील गाठ काढावयाची होती. त्यांच्या सोबतीला आम्ही इंदूरला गेलो, तेव्हा ती आम्हांस कळली.

छाती उघडली की फुप्फुस आपल्याच लवचिकपणाने मिटते. १९०४ साली जर्मन शल्यविशारद साउअरब्रुख यांनी त्यावर उपाय म्हणून कमी दाबाची एक खोलीच केली होती. रोग्याचे डोके तेवढे बाहेर, धड आणि शल्यविशारद आत! पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देणे सोयीचे ठरले. १९४९ मध्ये स्वीडनच्या कार्लेन्स यांची दुहेरी नळी आली, आणि एक फुप्फुस मिटवून दुसरे चालू ठेवणे आटोक्यात आले.

धोका आहे तो येथेच. मिटलेल्या फुप्फुसातून रक्त वाहतच राहते आणि प्राणवायू न घेता परतते. शरीर त्या बाजूच्या रक्तवाहिन्या आपण होऊन आखडून घेते, पण तेवढे नेहमीच पुरत नाही. त्यात रोग्यास कुशीवर वळविताना नळी किंचित सरकली, की करोनाच्या साथीत घरोघर पोहोचलेल्या त्या बोटाच्या यंत्रावरचा आकडा उतरू लागतो. मग भूलतज्ज्ञ बारीक दुर्बिणीने नळीची जागा पाहतात, मिटलेल्या फुप्फुसास थोडा प्राणवायू देतात, प्रसंगी शल्यविशारदास हात थांबवावयास सांगून दोन्ही फुप्फुसे फुगवितात.

"विडी ओढता का?" भूलतज्ज्ञ बाईंनी तपासणीच्या वेळी विचारले. आमचे गृहस्थ "नाही" म्हणाले. बाहेर आल्यावर हळूच म्हणतात, "गुरुजी, दादा समोर बसले होते ना!" आम्ही त्यांना तसेच परत आत नेले. शस्त्रक्रिया महिनाभर पुढे गेली. विडी सुटली. तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढून गोळ्या वर धरण्याचा व्यायाम नातीच्या देखरेखीखाली चालला.

शस्त्रक्रियेत दोनदा थांबावे लागले, असे नंतर कळले. घरी परतण्याच्या दिवशी दादांनी शल्यविशारदांना पेढे दिले. भूल देणाऱ्या बाईंचे नाव मात्र कोणालाच सांगता येईना. आम्हीही ते विचारले नव्हते.